उजेड हलवू नका

"समजा, तनुजाताईंचे मिस्टर एक दिवस घरी आले आणि म्हणाले, माझ्या हातून माणूस मेला," आनंदराज सर म्हणाले, आणि वर्ग हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण सकाळच्या पहिल्या तासाला बसलेली पोरं कशालाही हसतात, झोप मोडायला तेवढंच निमित्त. अख्ख्या वर्गात लग्न झालेली ती एकटी, तेव्हा नवरा-बायकोचं कलम निघालं की उदाहरणात तिचा नंबर ठरलेला. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते इथं पुराव्याचा कायदा शिकवायचे, मग काळा कोट चढवून कोर्टात जायचे, आणि दोन्हीकडे सारख्याच दमलेल्या आवाजात बोलायचे. "तर ताई, उभ्या राहा. कोर्टानं तुम्हाला बोलावलंय. नवऱ्यानं सांगितलेलं तुम्हाला सांगता येईल का?" तनुजा उभी राहिली. उत्तर तिला येत होतं, रात्री वाचलेलं होतं. पण तिनं समोरची वही मिटली आणि बाकाच्या फळीवरचा शाईचा डाग नखानं खरवडायला लागली. सरांनी थोडी वाट पाहिली आणि उत्तर स्वतःच दिलं. "येत नाही. लग्नाच्या काळात नवऱ्यानं बायकोला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढता येत नाही. पुढं लग्न मोडलं तरी नाही, नवरा मेला तरी नाही. जुन्या कायद्यात कलम एकशे बावीस, नव्यात एकशे अठ्ठावीस. नंबर बदलले, नवरे तेच." पोरं पुन्हा हसली. मग शेजारी बसलेल्या लुंबिनीनं हात वर केला. ही देवणीकडची पोरगी, वर्गातली सगळ्यात तिखट, वयानं तनुजापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. "सर, तिनं ऐकलं नसेल, पाहिलं असेल तर?" सरांच्या आवाजात पहिल्यांदाच जरा जान आली. "पाहिलेलं वेगळं. त्यानं काय सांगितलं त्याला कुलूप. तो काय करत होता हे तिनं डोळ्यांनी पाहिलं असेल, तर तिचं तोंड कुणी धरू शकत नाही. बसा ताई." ती बसली नाही. सरांना पुन्हा म्हणावं लागलं, "बसा."

खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं, आणि एका अंगानं वाटलंही. तीन वर्षं जे ओझं ती उरावर घेऊन फिरत होती, त्याबद्दल खुद्द कायदाच सांगत होता की बाई, ते तुझ्याकडेच राहू दे. याहून चांगलं काय हवं? कॉलेज सुटल्यावर ती नेहमीप्रमाणे लॅबवर गेली. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या त्या रक्त-लघवी तपासणीच्या दुकानात ती काउंटरवर बसायची, नावं लिहून घ्यायची, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. लोक यायचे, बाही वर करायचे, तोंड फिरवायचे. ती सगळ्यांना एकाच सुरात "बसा, होईल" म्हणायची. शीण अंगात असा मुरला होता की तो कुठून सुरू होतो तेच कळत नव्हतं. पायापासून, की भावाच्या घरात जिन्याखालच्या खोलीत मांडलेल्या खाटेपासून, की वहिनीच्या "तुम्ही राहू द्या, मी करते" या गोड वाक्यापासून. माहेरी परतलेल्या बाईला कुणी काही बोलत नाही, हीच मोठी शिक्षा असते. शिकायला आलेय, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. पुढं पुढं तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

गुरुवारी दयानंदचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला होता. तो अधूनमधून करायचा आणि दर वेळी बैल कसे आहेत, सोयाबीन कसं आहे इथूनच सुरुवात करायचा. या वेळी तसं केलं नाही. "सोमवारी संपतंय बघ," तो म्हणाला. "लातूरला तारीख हाय. संगप्पा गुन्हा कबूल करून टाकणार हाय. वकीलसायबानं समदं बोलून ठेवलंय." तिनं विचारलं, "आणि जेलात घातलं तर?" "काहून घालतेत? म्हातारा माणूस, पयला गुन्हा. अन् घातलंच तर त्याच्या घरादाराचं बघाया मी हाय की. झोपडीखालची जागा त्याच्या नावानं करून देतो म्हणून जबान दिलीय मी. माझी जबान म्हंजे जबान." मग जरा थांबून, हसत, "तुला तर आता कायदा कळतो. नवऱ्यानं बायकोला सांगितलेलं कोर्टात चालत न्हाई म्हणं. खरं हाय का?" तिनं खरं आहे असं सांगितलं. "मग झालं की. एकदा हे मिटलं की घरी ये. लई झालं माहेर." त्याच्या आवाजात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. त्यात थकवा होता, तिच्या आवाजात होता तसाच, आणि क्षणभर तिला तो जवळचा वाटला.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला, ज्या घरात तिला दिलं होतं, तिथं जीप होती, ट्रॅक्टर होता, आणि संगप्पा होता. संगप्पा म्हणजे सालगडी, सासऱ्यांच्या काळापासूनचा. ट्रॅक्टर चालवायला हवा म्हणून मालकानंच त्याला लायसन काढून दिलेलं. आणि त्या भागात सगळ्यांना माहीत असलेली, कुणी उघड न बोलणारी एक रीत आहे. घरच्या गाडीखाली कुणी आलं, तर घरचा माणूस ठाण्यात जात नाही, ड्रायव्हर उभा करतात. म्हणजे ज्याच्यापाशी लायसन आहे आणि ज्याच्यामागं बोलणारं कुणी नाही, असा कुणीतरी जाऊन सांगतो की गाडी मी चालवत होतो. याला कुणी खोटं म्हणत नाही. याला मिटवणं म्हणतात. त्या संध्याकाळी लातूरच्या रस्त्याला दयानंदच्या जीपखाली नरसिंग नावाचा माणूस आला. बाजारातून पायी घरी निघालेला, डोक्यावर गाठोडं. दयानंद थांबला नाही. घरी आला, आणि गेलेली लाइट परत यायच्या आत बैठकीत चार माणसं बसली, दार लावलं गेलं, दार उघडलं गेलं, आणि संगप्पा डोक्याचा रुमाल नीट बांधून त्यांच्याबरोबर ठाण्यात निघून गेला. घरातल्या बायकांना कुणी काही सांगितलं नाही. तिला रात्री दयानंदनं सांगितलं. पलंगाच्या काठावर बसून, तळव्यांकडे बघत. "माणूस मधीच आला गं. पांढरं गाठोडं होतं डोस्क्यावर. मी हारन दिला, तो उजवीकडं सरला, अन् मग काय मनात आलं त्याच्या, पुन्हा डावीकडं आला." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, हे तिला आजही आठवायचं आणि त्या हाताचा राग यायचा. जामिनावर सुटून संगप्पा दुसऱ्याच दिवशी धारा काढायला हजर झाला आणि तिला बघून म्हणाला, "वैनी, च्या हाय का?" तो चहा देताना तिला कळलं, या घरात आपल्याच्यानं राहणं होणार नाही. तरी ती वर्षभर राहिली. माणूस राहतो.

"ताई, येत असून उत्तर का हो दिलं नाही?" शनिवारी टपरीवर लुंबिनीनं विचारलंच. तनुजानं काही बाही सांगितलं, रात्री झोप नाही, पित्त झालंय. लुंबिनीनं ते ऐकून घेतलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की खोटं बोलणाऱ्यालाच लाज वाटावी. "मला काय वाटतं ताई, लोक सांगितलेल्याच्या नावाखाली पाहिलेलंसुदीक कुलपात टाकतेत. आमची आजी म्हणायची, कान अन् डोळा, चार बोटांचं अंतर. तेवढंच असतं, पण असतं." ती गेल्यावर तनुजानं, कुणी बघत नाही असं बघून, चार बोटं कानशिलावर ठेवली. खरंच तेवढंच अंतर होतं. रविवारचा सगळा दिवस तिनं निवडण्यात घालवला. सुपात डाळ घेऊन खडे बाजूला काढावेत तसं ऐकलेलं एकीकडे, पाहिलेलं एकीकडे. गाठोडं पांढरं होतं, हे ऐकलेलं. तो उजवीकडे सरला, ऐकलेलं. जीप अंगणात उभी होती आणि दयानंद स्वतः बादलीनं तिचं तोंड धूत होता, हे पाहिलेलं. ज्यानं जन्मात कधी बादली उचलली नाही तो माणूस वाकून पाणी मारत होता, पायातल्या बुटांसकट भिजला होता, आणि तिला बघून म्हणाला, "चिखल हाय." चिखल नव्हता. पावसानं उघडीप दिली होती. म्हणजे पाहिलेलं होतं तर! पण ते सांगायचं म्हणजे नवऱ्याकडे बोट करून सांगायचं, आणि तिथं आलं की ती पुन्हा पहिल्यापासून निवडायला घ्यायची. तो वाईट माणूस असता तर सोपं होतं. तिच्या बाळंतपणात मूल दगावलं तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर दिवसभर न जेवता बसला होता, हेही तिनं पाहिलेलंच होतं. तेही त्याच सुपात होतं. संध्याकाळी तिनं निवडणं सोडून दिलं आणि पांघरूण ओढून पडली.

तरी सोमवारी ती निघाली. कशाला, ते तिला सांगता आलं नसतं. नांदेडहून लातूरची पहिली गाडी खच्चून भरलेली. पुढं क्लासची पोरं, मागं भाजीच्या पाट्या, आणि मधे ती, वरच्या दांड्याला लोंबकळत. लोहा गेलं, सीट मिळाली नाही. अहमदपूर जवळ आलं, तरी नाही. तिचा उजवा हात भरून आला. आधी खांदा, मग दंड, मग बोटांत मुंग्या. तिला हात बदलायचा होता, पण बदलायला जागा नव्हती, आणि गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा तिला अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं, "वैनी, उजेड हलवू नका." तिनं दचकून मागं पाहिलं. मागं एक म्हातारी झोपली होती. पण हात असाच भरून आला होता, असाच, जड बॅटरी धरून धरून, लाइट गेलेली, गोठ्यात शेणाचा आणि ओल्या पेंढीचा वास, आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती देवणी जातीची गाय अडलेली. वासराचे मागचे पाय आधी आले होते. डॉक्टरला फोन लागत नव्हता. संगप्पा कोपरापर्यंत तेल लावून गुडघ्यावर बसलेला, डोळे मिटून, आतलं वासरू हातानं चाचपत, गाईशी कानडीत काहीतरी पुटपुटत. "वैनी, उजेड हलवू नका. हात भरला तरी हलवू नका." तिनं हलवला नव्हता. मग ते घसरून बाहेर आलं, काळंभोर तोंड, ओलं, श्वास नाही, आणि संगप्पानं त्याच्या नाकात फुंकर मारली आणि ते शिंकलं. ती इतकी हसली होती! स्वतःचं मूल गेल्यावर त्या घरात पहिल्यांदा. आणि हसत असतानाच गोठ्याच्या भिंतीवर जीपचा उजेड फिरला आणि संगप्पा रक्तानं माखलेले हात तसेच धरून म्हणाला, "मालक आले वाटतं."

मालक आले वाटतं. गाडीतल्या गर्दीत तिला एकदम घाम फुटला. तीन वर्षं ही संध्याकाळ तिच्यापाशी होती. पण ती आनंदाची म्हणून वेगळ्या कोनाड्यात ठेवलेली, आणि जीपची संध्याकाळ वेगळ्या. दोन्ही एकच आहेत हे तिच्या मनानं कधी जुळवलंच नव्हतं. गाडी कोण चालवत होतं हा पुरुषांचा प्रश्न होता, बैठकीतला. गाईचं बाळंतपण हे मागच्या दारचं. त्या लोकांनी संगप्पाला उचलून कागदावर जीपमध्ये बसवलं, पण त्या वेळी तो गोठ्यात होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण गोठ्यात कोण असतं हे कुणी बघतच नाही. आणि आपण? आपणही त्यांच्यासारख्याच. नवऱ्यानं काय सांगितलं त्याच्यापाशी बसून राहिलो, तीन वर्षं, शहाण्यासारख्या. तिला स्वतःची चीड आली, आणि चिडीबरोबर कसलीशी मोकळीक. हे सांगायला नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार नव्हतं. समोरची सीट रिकामी झाली, शेजारच्या बाई म्हणाल्या, "बसा की." ती उभीच राहिली.

लातूरच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली संगप्पा बसला होता. नवा सदरा, घडीच्या रेघा तशाच. दयानंद वकिलाबरोबर चहाला गेला होता. संगप्पा तिला बघून उठायला लागला. ती त्याच्याशेजारी पारावर टेकली. किती वाळला होता माणूस. "वैनी, तुमी कशापायी आलाव? मालक म्हणले, आज मिटतंय." तिनं विचारलं, "मामा, काय सांगणार तुम्ही आत?" त्यानं घसा साफ केला आणि शाळेतल्या पोरासारखा सरळ बसला. "गाडी मी चालवत होतो. माणूस मधीच आला. पांढरं गाठोडं होतं डोस्क्यावर. मी हारन दिला, तो उजवीकडं सरला, अन् मग काय मनात आलं त्याच्या, पुन्हा डावीकडं आला." तेच शब्द, तोच थांबा. तिच्या पलंगाच्या काठावरचं वाक्य या माणसाच्या तोंडात आणून ठेवलं होतं, आणि याच्या डोळ्यांत तर पाणीही होतं. "वैनी, खोटं न्हाई सांगत. आताशा मला सपनात दिसतो तो. गाठोड्याची गाठ सुटलेली दिसती. मालकानं सांगितलेलं म्हणावं, तर मग मला दिसतंय कसं? मला आता उमजतच न्हाई. चालवलीच आसंल मी."

तिला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. ती म्हणाली, "मामा, त्या ठिपक्यांच्या गाईचं काय झालं? आहे का?" आणि संगप्पाचा चेहरा असा बदलला की कुणीतरी आतून खिडकी उघडावी. "हाय की! अन् तिची कालवड, लई देखणी निघाली वैनी. आता गाभण हाय. देवणीच्या प्रदर्शनाला न्यायची म्हणत होते मालक." "ती अडली होती तेव्हा कुणी सोडवली हो?" "म्यां! ह्या हातानं. मागचे पाय म्होरं आलते, दुसरा कुणी असता तर गायबी गेली असती अन् वासरूबी. तुमी नव्हता का बॅटरी धरून? मग ते शिंकलं, अन् तुमी हसला, अन् तेवढ्यात मालकाची जीप..." तो थांबला. तोंड तसंच उघडं राहिलं. त्यानं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले, मग तिच्याकडे, मग फाटकाकडे, जिथून दयानंद आणि वकील चहा पिऊन येत होते. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. तिला वाटलं, आपण या माणसाचं काहीतरी हिसकावून घेतलं. झोपडीखालची जागा तर होतीच. पण तीन वर्षं जिवापाड सांभाळलेलं एक पापही. "मालकाचं काय वैनी? मालक अडकतेत." तिच्याही छातीत तेच होतं. पायरीवर न जेवता बसलेला दयानंद तिला दिसला, आणि रस्त्यावर सुटलेलं गाठोडंही. ती म्हणाली, "मालकांचं मी एक अक्षर बोलत नाही, मामा. मला ते बोलताच येत नाही. मला गाईचं तेवढं सांगायचंय. पण आधी तुम्ही बोललात तर. तुम्ही कबूल म्हणालात, की मला कुणी विचारणारच नाही." दयानंदनं तिला पाहिलं होतं. तो चालता चालता थबकला आणि मग काहीच न झाल्यासारखं हसला. तेवढ्यात शिपायानं दारातून संगप्पाच्या नावाचा पुकारा केला.

आत पंखा कुरकुरत होता. ती मागच्या बाकावर बसली. दयानंद येऊन शेजारी बसला आणि पुटपुटला, "कशाला आलीस गं?" त्याच्या अंगाला तोच ओळखीचा तंबाखूचा वास होता, आणि तिनं मान वळवली नाही. मॅजिस्ट्रेट बाईंनी गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला, लांबलचक वाक्यं, हयगयीनं व बेदरकारपणे, संगप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. "गुन्हा कबूल आहे का?" वकिलानं त्याच्याकडे बघून भुवया उचलल्या. संगप्पानं पिंजऱ्याचा कठडा धरला. मागं वळून पाहिलं. दयानंदकडे नाही, तिच्याकडेही नाही, मधेच कुठंतरी, जणू तिथं भिंतीवर अजून उजेड फिरत होता. टायपिस्टनं वर पाहिलं.

"सायब," संगप्पा म्हणाला, "त्या टायमाला आमची गाय अडली होती."

"काय?" बाई म्हणाल्या.

त्यानं नव्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात पुढं धरून दाखवले. रिकामे, काळे, म्हातारे हात. "हे हात गाईच्या पोटात होते, सायब. जीप आली तवा. ह्या वैनी बॅटरी धरून होत्या, इचारा त्यांला."

दयानंदनं तिच्या मनगटावर हात ठेवला. जोर नव्हता त्यात, नुसता ठेवला होता. तिनं तो हळूच उचलून बाकावर ठेवला आणि ती उभी राहिली.